इंजिन बनवलं, तरी खालून ठोका येतोय? नवे शेल टाकण्याआधी जुने वाचा

"आत्ताच इंजिन बनवलंय" हे वाक्य ऐकलं की मी आधी चहा सांगतो, कारण पुढे बराच वेळ बसावं लागतं. नाशिकच्या सातपूरला गॅरेज चालवताना ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मधली वाक्यं मीच पूर्ण करतो. गाडी सेकंडहँड घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, हाफ इंजिनचं काम करून दिलंय, रिंगा नव्या, बेअरिंग नवे. काही महिने बरी चालली. मग एक दिवस कसारा घाट चढताना खालून ठक-ठक सुरू झाली. ओळखीच्या मिस्त्रीने चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोलून नवा बेअरिंग सेट टाकून दिला, आवाज गेला. तीन-चार हजार किलोमीटरवर पुन्हा तोच आवाज, आणि या वेळी जरा मोठा.

या दुसऱ्या वेळेसाठी हे लिहितोय. पहिल्या वेळी जुने शेल, म्हणजे बेअरिंगच्या पट्ट्या, काढून भंगारात टाकलेले असतात, ते का गेले हे कुणी बघितलेलं नसतं. कारण इंजिनातच राहतं आणि नवे शेलही खातं.

खालचे बेअरिंग म्हणजे दोन प्रकार. क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यांच्यावर ब्लॉकमध्ये फिरतो ते मेन बेअरिंग, आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असतात ते कनेक्टिंग बेअरिंग, ज्यांना गॅरेजात बिगेंड म्हणतात. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात मेन पाच आणि कनेक्टिंग चार. यात गोळ्या वगैरे काही नसतात. अर्ध्या बांगडीसारख्या दोन पातळ पट्ट्या, म्हणजे शेल, आणि त्यांच्या व क्रँकच्या मध्ये ऑइलचा थर. फट किती, तर ढोबळ हिशेबाने पन्नास मिलिमीटर जाडीच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, ०.०५ मिलिमीटर. डोक्याच्या केसाएवढी समजा. प्रेशरने आलेलं ऑइल या फटीत क्रँकला उचलून धरतं. सगळं ठीक असेल तर चालू इंजिनात धातूला धातू लागतच नाही. लागला, की ठोका.

लक्षणं

बिगेंडचा आवाज इंजिन गरम झाल्यावर उघडा पडतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली तर ऑइल घट्ट असतं, आवाज दबलेला राहतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवा, मग रेस अडीच हजाराच्या आसपास नेऊन पाय हळूच सोडा. पाय सोडण्याच्या त्या क्षणी हातोडीने ठोकल्यासारखी कडक ठक-ठक आली तर संशय बिगेंडवर.

मेनचा आवाज जाड असतो, 'धब-धब'. लोडवर, म्हणजे चढाला किंवा भरल्या गाडीला जास्त येतो. कधी आवाजापेक्षा पायाखाली फ्लोअरला थरथर जाणवते.

ऑइलचा दिवा नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये स्लोवर, म्हणजे रेस न देता, लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो. क्लच दाबला की आवाज बदलतो, किंवा दाबल्यावर इंजिन किंचित जड होतं. हे थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजल्याचं लक्षण. आणि डिपस्टिकवरच्या ऑइलमध्ये उन्हात चमचम दिसते.

यातलं एकच लक्षण असेल तर घाबरू नका. दोन एकत्र असतील तर गाडी उभी करा. तिन्ही, म्हणजे ठोका, दिवा आणि चमचम एकत्र असतील, तर गॅरेजपर्यंतही चालवत आणू नका, टोइंग करून आणा. टोइंगचे पैसे क्रँकपेक्षा स्वस्त असतात. याच कारणावरून मी गिऱ्हाइकांशी फोनवर सर्वांत जास्त भांडलोय. "दादा, पाच किलोमीटरच तर आहे" म्हणतात. रॉड मोडून ब्लॉकला भोक पाडायला पाच किलोमीटर पुष्कळ झाले.

आधी फुकटातल्या गोष्टी

पहिली तपासणी कागदाची. इंजिन बनवल्याचं बिल मागा, आणि गॅरेजचं नव्हे, लेथवाल्याचं मागा. त्यात क्रँक घासला की नुसता पॉलिश केला, आणि कोणत्या साईजला गेला हे लिहिलेलं हवं. क्रँक घासला की जर्नल बारीक होतो आणि तेवढा जाड शेल लागतो. ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर अशा या अंडरसाइजच्या पायऱ्या. जुने मिस्त्री अजून थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात, 'दहाची साईज, वीसची साईज'. बिलात नवा बेअरिंग सेट आहे पण लेथचं काहीच नाही, असं दिसलं तर बहुधा क्रँक न मोजता स्टँडर्ड शेल चढवलेत. झिजलेल्या जर्नलवर नवा शेल म्हणजे ढिल्या पायात नवी चप्पल. थोडे दिवस बरं वाटतं.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर एक गोष्ट आवर्जून करा. न सांगता सकाळी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलीय, त्याला काहीतरी लपवायचंय. मग परत दुसऱ्या दिवशी जा. थंड स्टार्टला ऑइलचा दिवा विझायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागला तर लक्षात ठेवा.

डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर घ्या. मधासारखं तार धरत असेल तर आवाज दाबायला जाड ऑइल किंवा डब्यातला चिकट पदार्थ घातलाय. फेस किंवा दुधाळ रंग असेल तर पाणी शिरलंय. कूलंट ऑइलमध्ये गेलं की शेलचा मऊ थर थोड्याच दिवसांत खराब होतो, आणि मग हेड गॅस्केट न बघता खाली कितीही शेल बदला, व्यर्थ. डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल खुणेच्या वर चढलेली असेल, तर इंजेक्टर गळतोय किंवा इंधन रिंगांवरून खाली उतरतंय. पातळ झालेलं ऑइल क्रँकला उचलून धरू शकत नाही.

आता गाडीखाली वाका. चेंबरला खड्डा पडलाय का? हे मी यादीत इतक्या वर आणतोय त्याला कारण आहे. चेंबरच्या तळाशी अगदी जवळ ऑइल ओढणाऱ्या पाइपची जाळी, म्हणजे स्ट्रेनर असतो. चेंबर आत दबला की जाळीखालची जागा बंद होते आणि पंप उपाशी राहतो. आपल्याकडे गल्लोगल्ली उगवलेले स्पीडब्रेकर, कुंभाच्या कामांसाठी खणलेले रस्ते आणि वावरातल्या वाटा. दबलेला चेंबर शोधायला लांब जावं लागत नाही. एका द्राक्षवाल्या काकांच्या गाडीत दोन बेअरिंग सेट गेले होते. दोन्ही वेळा चेंबर उतरवला, रंगवला आणि तसाच दबका परत बसवला.

आवाज खरंच बेअरिंगचा आहे का?

इंजिन खोलायचा निर्णय या पायरीवर होतो, म्हणून इथे घाई नको. मी निदान चार इंजिनं अशी पाहिलीत की जी उगाच खोलली गेली.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, आवाज वर, हलका, टकटक असा असतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याची लयही निम्मी. पिस्टनचा आवाज थंड इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतो, बिगेंडच्या अगदी उलट. डिझेलला इंजेक्टर बिघडला तरी ठोका येतो. आणि सर्वांत फसवा म्हणजे क्रँक पुलीचा ढिला बोल्ट किंवा फ्लायव्हीलचे ढिले बोल्ट. हुबेहूब मेन गेल्यासारखा आवाज. पुलीचा बोल्ट तपासायला पाना आणि पाच मिनिटं लागतात, तेव्हा तो आधी तपासा. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचा संशय असेल तर बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवा. आवाज गेला तर खाली बघायची गरजच नाही. मात्र काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असतो. तो बेल्ट काढायचा नाही!

कान लावायला लांब स्क्रू ड्रायव्हर चालतो. टोक ब्लॉकवर, मूठ कानाच्या मागच्या हाडावर. बाह्या वर, गळ्यातला गमछा काढून ठेवायचा, पंख्यापासून लांब. वर हेडवर मोठा आवाज येतो की खाली चेंबरच्या कडेला, एवढंच ठरवायचं आहे.

मग सिलिंडर एकेक करून बंद करा. पेट्रोल गाडीला इंजेक्टरचा कनेक्टर काढा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिस्टमध्ये जाणार नाही. कॉमनरेल डिझेललाही फक्त इलेक्ट्रिकचा कनेक्टर काढायचा. जुन्या पंपाच्या डिझेलला आम्ही पाइपचा नट ढिला करायचो, ती सवय कॉमनरेलला कधीही लावू नका. त्या पाइपात प्रेशर हजार बारच्या वरही जाऊ शकतं. सुटलेली धार कातडी फाडून आत जाते आणि ते हॉस्पिटलचं प्रकरण होतं. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका कमी झाला, तर त्याच सिलिंडरचा बिगेंड. कारण सोपं आहे: स्फोटच होत नाही, त्यामुळे पिस्टन रॉडला खाली ठोकत नाही. कुठलाही बंद केला तरी फरक पडत नसेल तर मेनकडे किंवा बाहेरच्या गोष्टींकडे वळा.

थोडे पैसे लागतील अशा दोन तपासण्या

ऑइल फिल्टर काढा आणि कापा. हॅक्सॉने नाही, त्याचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर नसेल तर पत्र्याच्या कात्रीने कडेने कापा. घड्यांचा कागद पसरून पांढऱ्या ताटलीत पेट्रोलने धुवा आणि उन्हात बघा. चुंबक फिरवा. चिकटला तो लोखंडाचा कीस: टॅपेट, कॅम, चेन किंवा ऑइल पंप. चिकटला नाही आणि रुपेरी किंवा तांबूस आहे, तो बेअरिंगचा असायची दाट शक्यता. शेलला मागे पोलाद, त्यावर तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-कथील आणि बऱ्याच शेलना वर अगदी पातळ मऊ थर असतो. तांबूस कण दिसले म्हणजे वरचा थर जाऊन खालचं तांबं झिजायला लागलंय. नुकत्याच बनवलेल्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये थोडा बारीक करडा गाळ असतोच, तो सोडून द्या. पण नखाने उचलता येईल असा एक जरी पापुद्रा सापडला तर चेंबर खोलायचाच.

दुसरी तपासणी प्रेशर गेजची. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच पेटतो. म्हणजे दिवा विझलेला असतानाही प्रेशर अर्धमेलं असू शकतं. ऑइल स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पुरतं गरम करा आणि स्लोवर व दोन-तीन हजारावर वाचा. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. जुना ढोबळ नियम असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे पाऊण बारच्या जरा खाली.

प्रेशर का पडतं हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फटीतून बाजूने सांडणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट! एकच बेअरिंग ढिला झाला तरी सगळ्या इंजिनाचं प्रेशर तो पितो आणि त्याच्या पुढच्या धडधाकट बेअरिंगलाही उपाशी मारतो. म्हणून 'एकाच सिलिंडरचा आवाज आहे, एकच शेल बदला' हे मी करत नाही.

चेंबर उतरवल्यावर

इथून पुढे गाडी वर आहे आणि माणूस खाली. नुसत्या जॅकवर कधीच नाही, चारही घोडे (स्टँड) पक्के लावून किंवा खड्ड्यावर. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी.

ऑइल स्वच्छ टबात काढा, फेकू नका. चेंबर खाली आला की लगेच बेअरिंगकडे धावू नका. आधी स्ट्रेनरची जाळी बघा. सिलिकॉन पेस्ट! चेंबर बसवताना पेस्टची जाड वळी फासतात, ती दाबली की निम्मी आत जाते, तुटते आणि जाळीवर जाऊन बसते. बाहेरून सुबक दिसणारं काम, आणि आत जाळी रबराच्या तुकड्यांनी गच्च. बनवलेल्या इंजिनात दुसऱ्यांदा गेलेल्या बेअरिंगचं हे कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय. स्ट्रेनरच्या पाइपाची ओ-रिंग नवी घातली होती का तेही बघा. ती तडकली तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल तरी प्रेशर पडतं.

मग रॉड हाताने हलवा. बाजूला, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने, रॉड थोडा सरकतोच. ती मुद्दाम ठेवलेली जागा असते. नव्या पोरांना त्यातच दोष दिसतो आणि ते "उस्ताद, सापडलं!" म्हणून ओरडतात. वर-खाली हलला आणि 'टक' झालं तर मात्र बेअरिंग गेलंय. क्रँक पुढे-मागे ढकलून डायल गेजने थ्रस्ट मोजा. बऱ्याच गाड्यांत हा ०.१ ते ०.३ मिलिमीटर असतो, त्याच्या पुष्कळ वर गेला की थ्रस्ट वॉशर बदलायचे.

आता संशयित सिलिंडरच्या रॉडची कॅप, म्हणजे बोल्टने बसणारा खालचा अर्धा भाग, खोला. एका वेळी एकच. खोलण्याआधी कॅप आणि रॉडवर एकाच बाजूला आकडे आहेत का बघा, नसतील तर मार्करने लिहा. छिन्नीने खुणा करू नका. कॅप दुसऱ्या रॉडला किंवा उलटी बसली तर गोलाई बिघडते. मुद्दाम तोडून (क्रॅक करून) दोन भाग केलेल्या रॉडची कॅप तर दुसऱ्या कुठल्याच रॉडला बसत नाही. बोल्ट ताणाचे, म्हणजे आवळताना ताणले जाणारे, असतील तर मॅन्युअल सांगतं तसे नवेच घ्या.

शेल वाचायचे कसे

प्रत्येक शेलच्या पाठीवर सिलिंडरचा नंबर आणि 'वर' की 'खाली' हे लिहा आणि ओळीने कागदावर मांडा. रॉडमध्ये वरच्या शेलवर स्फोटाचा भार येतो, मेनमध्ये खालच्या. म्हणून तिथली झीज जास्त असणं साहजिक आहे.

सगळीकडे सारखा मंद करडा रंग असेल तर झीज रोजची, वापराची. सगळ्या शेलवरचा थर पुसल्यासारखा, ओघळल्यासारखा दिसला तर ऑइलच पोहोचलं नाही: स्ट्रेनर, पंप, लेव्हल. एकच असा आणि बाकी चांगले, तर त्याच जर्नलचं भोक तुंबलंय किंवा तोच जर्नल बिघडलाय.

गोल फिरलेल्या रेघा आणि रुतलेले चमकते ठिपके म्हणजे कचरा. बनवलेल्या इंजिनात तो बहुतेक लेथवरून येतो. क्रँक घासला की ग्राइंडिंगची पूड त्याच्या आतल्या ऑइलच्या भोकांत जाऊन बसते. नुसती हवा मारून ती निघत नाही. लांब ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, पुन्हा ब्रश, मग हवा. आणि प्लग काढता येत असतील तर काढून. अंबडला ज्याच्याकडे मी क्रँक पाठवतो तो हे करून देतो, तरी मी गॅरेजात परत धुतो. पहिल्या धुण्यात काहीच निघालं नाही असं क्वचितच होतं.

एका कडेला झीज वरच्या शेलवर आणि त्याच्या उलट कडेला खालच्या शेलवर, अशी तिरकी दिसली तर रॉड वाकलाय. थराचे तुकडे निघून खड्डे पडले असतील तर धातू थकलाय. वरच्या गिअरमध्ये कमी रेसवर चढ ओढायची सवय याला कारणीभूत असते. घाटात चौथ्यात कुथणारी गाडी बेअरिंगला फार मारते. काळपट, सच्छिद्र झालेला शेल म्हणजे जुनं आम्लयुक्त ऑइल किंवा कूलंट.

शेल उलटा करा, पाठही वाचा. पाठ चकाकती झाली असेल, लॉकची चोच मोडली असेल, तर शेल जागेत फिरलाय. पाठीवर पत्रा, फॉइल किंवा कागद सापडला तर कुणीतरी फट कमी करायचा जुगाड केलाय. तसंच कॅपच्या तोंडाला कानस मारलेली दिसली तर रॉड लेथवाल्याकडे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेल मुद्दाम जागेपेक्षा किंचित मोठे केलेले असतात, कॅप आवळली की ते दबून घट्ट बसतात. कानस मारली की गोलाई अंड्यासारखी होते.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक इंजिन मी बांधलं आणि ते दीड हजार किलोमीटरला परत आलं. तिसऱ्या मेनच्या शेलवर मधोमध एक चकाकता डाग, शेंगदाण्याएवढा. पाठीवर बरोबर त्याच जागी काळा ठिपका. पुसायच्या फडक्याचा धागा शेलच्या मागे राहिला होता. तेवढ्याने शेल पुढे फुगला आणि तिथली फट संपली. तेव्हापासून बांधताना सुती फडकं माझ्या टेबलावर येत नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. बऱ्याच इंजिनांत मेनच्या वरच्या शेलला भोक आणि खाच असते, खालचा सपाट. घाईत उलटसुलट बसले की ऑइलची वाटच बंद.

मोजमाप

फट मोजायला सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे प्लास्टिगेज, मेणासारखी बारीक दोरी. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, दोरीचा तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप टॉर्क रेंचने पूर्ण आवळा, पुन्हा खोला. चपटी झालेल्या दोरीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. मध्ये क्रँक हलला तर वाचन बाद. गाडीखाली मेन मोजताना क्रँक स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि फट खोटी दिसते, त्याला खालून आधार द्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर चांगलं आणि ०.१ च्या जवळ म्हणजे आयुष्य संपलं. अंतिम शब्द मॅन्युअलचा.

पण प्लास्टिगेज गोलाई सांगत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर, आणि प्रत्येक जर्नल दोन जागी, दोन दिशांनी मोजायचा. दोन मापांत ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नुसते शेल बदलणं थांबवा.

इथे थांबा

जर्नलवर नख फिरवून अडकलं तर थांबा. जर्नल निळा पडला असेल, शेल फिरला असेल, रॉड वाकला असेल, कॅपला कानस असेल, तर इंजिन खाली उतरवून मशीन शॉपमध्ये गेलंच पाहिजे. पॉलिश पेपर दोरीने ओढून जर्नल 'साफ' करून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. काही आधुनिक क्रँकवर पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि कंपनी ते घासायला परवानगीच देत नाही, तिथे क्रँक नवा. आधीच ०.७५ साईजला गेलेल्या क्रँकलाही बहुधा पुढची पायरी नसते.

टॉर्क रेंच नसेल तर कॅप खोलूच नका, तुम्ही कितीही चांगले मिस्त्री असलात तरी. मेनचे वरचे शेल क्रँक जागेवर ठेवून फिरवून काढता येतात, पण तो प्रकार पहिल्यांदा एकट्याने करायचा नाही. आणि फिल्टर, गेज आणि सिलिंडर बंद करून बघणं इथपर्यंत घरी करणाऱ्याला माझा पाठिंबा. त्यापुढे अनुभवी हात सोबत असू द्या.

मशीन शॉपला क्रँक देताना जुने शेल सोबत द्या. मागे राहिले तर मागून नेऊन द्या. चांगला लेथवाला ते बघून रॉडची गोलाई आणि ब्लॉकची मेन लाइन तपासायची की नाही ते स्वतःच ठरवतो.

परत बांधल्यावर

शेलच्या आतल्या बाजूला आणि जर्नलला असेंब्ली लुब किंवा निदान स्वच्छ ऑइल, पाठ मात्र कोरडी. फिल्टर जमत असेल तर ऑइलने भरून लावा. स्टार्ट करण्याआधी इंधन बंद ठेवून स्टार्टरवर थोडं थोडं फिरवा, गेजवर प्रेशर आल्याशिवाय पेटवू नका. कोरडं फिरलेलं पहिलं मिनिट नव्या शेलला महागात पडतं. चेंबरला पेस्ट मटकीच्या दाण्याएवढ्या जाडीची, त्याहून जास्त नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि फिल्टर कापून बघा. त्या द्राक्षवाल्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते हसले होते. चेंबर ठोकून सरळ केला, क्रँक ०.२५ ला गेला, शेल नवे. महिनाभराने ते गॅरेजात आले ते पिशवीत फिल्टर घेऊनच. घरी पत्र्याच्या कात्रीने स्वतः कापला होता. उन्हात धरून आम्ही दोघांनी प्रत्येक घडी बघितली. थोडा करडा गाळ होता, चुंबकाला दोन-चार कण चिकटले, तांबूस काहीच नव्हतं. काका म्हणाले, "मग आता वणीला जाऊन येऊ का?" म्हटलं, जा, पण घाटात चौथा टाकू नका.